पावलांचा जमाखर्च

विमा कंपनी मला चालायचे पैसे देते, असं मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आणि बसायचे किती कापते?" त्या थट्टा करत होत्या, पण प्रश्न हिशेबाला धरून होता. बडोद्याला अलकापुरीत एका सीएंच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या जमा आणि नावे बाजू जुळवत बसते. आपल्याच घरात पावलांचं उत्पन्न सुरू झालंय म्हटल्यावर त्याचंही खातं उघडलंच. आता दोन रिन्यूअल झाली, आकडे हाताशी आहेत, आणि मैत्रिणींचे फोनही सुरू झालेत, "पॉइंटवाली पॉलिसी घ्यावी का गं?" एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

आमची आरोग्यविम्याची पॉलिसी आम्हा दोघांची, पाच लाखांची फ्लोटर, म्हणजे रक्कम दोघांत मिळून एकच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नियम असा आहे: एका दिवसात 10,000 पावलं, किंवा एका सलग व्यायामात 300 कॅलरी, किंवा त्यांच्या यादीतल्या जिममध्ये अर्धा तास, यांतलं काहीही एक झालं की तो दिवस भरला. महिन्यात असे ठरावीक दिवस भरले की त्या महिन्याच्या हप्त्याचा काही हिस्सा पॉइंट म्हणून जमा होतो. हिस्सा किती, हे वर्षातून एकदा होणारी तपासणी ठरवते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर बघून हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा मिळतो. हिरव्याला 30 टक्क्यांपर्यंत, पिवळ्याला त्याच्या निम्म्याहून कमी, लालला नावापुरतं. जमलेले पॉइंट पुढच्या हप्त्यात वळवा, नाहीतर अ‍ॅपवरून औषधं आणि रक्ताच्या तपासण्या घ्या.

ही कल्पना मूळची दक्षिण आफ्रिकेतली. तिथल्या डिस्कव्हरी या विमा कंपनीने 1997 मध्ये 'व्हायटॅलिटी' ही बक्षिसांची योजना सुरू केली. तेव्हा मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं सर्रास नव्हती, त्यामुळे जिमची हजेरी आणि तपासण्या यांवर भर असे. आपल्याकडे आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने, 2020 मध्ये याबद्दल सविस्तर सूचना काढल्या आणि हप्त्यात सूट, विम्याच्या रकमेत वाढ, योगवर्ग किंवा जिमची व्हाउचरं असल्या बक्षिसांना चौकट मिळाली.

आणि तो 10,000 चा आकडा? मला वाटायचं कुठल्या तरी डॉक्टर मंडळींनी बसून ठरवला असेल. तसं काही नाही. टोकियोत 1964 चं ऑलिंपिक झालं, त्यानंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली, आणि 1965 मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. यंत्राच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल, लक्षात राहणारा, जाहिरातीला छान. तोच साठ वर्षं टिकला आणि आता माझ्या हप्त्याच्या पावतीपर्यंत येऊन पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत पावलांचा आकडा नाहीच, तिथे मिनिटं मोजलीत, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम.

आता माझ्या आवडीचा भाग, खातं.

आमचा हप्ता वर्षाला 36,000, म्हणजे महिन्याला 3,000, माणशी 1,500. मला हिरवा शेरा. महिना पूर्ण भरला तर 450 रुपये, वर्षाचे जास्तीत जास्त 5,400. काही महिने हुकले, हातात सव्वाचार हजारांच्या आसपास आले. नवरा पिवळ्यात. त्याच्या बाजूला हजाराच्या आतबाहेर. म्हणजे दोघांचे मिळून पाच हजारांच्या थोडे वर. नावे बाजूला बघा: माझा जुना बँड अ‍ॅपच्या यादीत नव्हता म्हणून 6,000 चं नवीन घड्याळ. पहिल्या वर्षी माझी सगळी चाल घड्याळवाल्याकडे गेली. दुसऱ्या वर्षापासून खरा नफा, तोसुद्धा पॉइंट हप्त्यात वळवले तरच. अ‍ॅपवर औषधं मागवली की छापील किमतीला मिळतात, आणि आमचा दांडियाबाजारातला केमिस्ट न मागता दहा-बारा टक्के सोडतो. तेव्हा अ‍ॅपमधला शंभराचा पॉइंट नव्वदीच्या आतच धरा.

यात गंमत अशी की सर्वांत मोठी सूट एकही पाऊल न टाकता मिळाली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. 36,000 वर 6,480. कंपनीने मूळ हप्ता वाढवला नाही तर येत्या रिन्यूअलला एवढे वाचतील, दोघांच्या वर्षभराच्या पायपिटीपेक्षा जास्त. आणि दिवस कोणता, तर घटस्थापनेचा. सकाळी मी देव्हाऱ्यापुढे घट बसवत होते आणि ऑफिसच्या ग्रुपवर नोटिफिकेशनच्या पीडीएफ पडत होत्या.

नवरात्राचा विषय निघालाच आहे तर सांगते, बडोद्यात पॉइंटचा खरा हंगाम म्हणजे गरबा. ऑक्टोबरच्या उकाड्यात एरवी घड्याळाकडे बघत तिसऱ्यांदा गच्चीवर येरझाऱ्या घालणारी मी, त्या नऊ रात्री आकड्याकडे बघतसुद्धा नाही. इथला गरबा अनवाणी आणि मोठ्या वर्तुळाचा. गाणारे समोर बसलेले, पहिली फेरी संथ, दोन टाळ्या, मग तीन टाळ्या, आणि ढोलाने एकदा वेग धरला की थांबायची सोय नसते, मागची रांग ढकलतच नेते. मध्यंतरापर्यंत 10,000 पार. शेजारच्या बेन, ज्यांचा विम्याशी काडीचा संबंध नाही, मनगट धरून विचारतात, "आजे केटला थया?" (आज किती झाले?) बारा वाजता लाऊडस्पीकर बंद होतो, आणि बारालाच घड्याळाचा दिवसही बदलतो. मग मैदानातून स्कूटरपर्यंतची आणि तिथून सेव-उसळीच्या गाडीपर्यंतची पावलं दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर. सकाळी उठायच्या आधीच हजारभर जमा असतात. मला हे फार आवडतं.

पण इथेच घड्याळाचं बिंग फुटतं. त्याला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत हालचाल मोजणारा एक सेन्सर असतो, तो तिन्ही दिशांचे हिसके टिपतो, आणि त्यांत चालण्यासारखी लय सापडली, ती काही क्षण टिकली, की पावलं धरतो. म्हणून तीन टाळ्यांच्या गरब्यात पायांपेक्षा हातांनाच जास्त श्रेय मिळत असावं, असा मला दाट संशय आहे. मी घरात थोडे प्रयोग केले. माजघरातल्या झोपाळ्यावर बसून झोके घेतले तर काहीच नाही, तो झोका फार संथ पडतो. पोळ्या लाटताना थोडी पावलं चढतात. भजनात टाळ वाजवताना भरपूर. पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावरून स्कूटरने ऑफिसला गेलं, काळ्या घोड्यापासून अलकापुरीच्या गरनाळ्यापर्यंतचे (रेल्वेखालच्या रस्त्यापर्यंतचे) सगळे खड्डे घेतले, की पोहोचेपर्यंत फुकटात काही पदरात पडतं. उलट डी-मार्टची ट्रॉली ढकलत तासभर फिरा, मनगट दांड्यावर स्थिर, घड्याळ म्हणतं तुम्ही उभ्याच होतात.

ट्रॉलीचं कळलं तेव्हा आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या आकड्याचं कोडं सुटलं. त्यांची ज्येष्ठांची पॉलिसी वेगळी आहे, तिलाही पॉइंट आहेत. वय 76, गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात. पण चालतात! आमच्या जुन्या वाड्यातल्या लांबट घरात देवघर एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, त्यांच्या दिवसाच्या किती खेपा होतात ते मला आवाजावरून कळतं. घड्याळ दाखवायचं, दिवसाला तीनेकशे. वॉकर धरला की मनगट हलत नाही, एवढीच गोष्ट. नवऱ्याने तोडगा काढला, "अगं, आईचं घड्याळ संध्याकाळी शेजारच्या पोराला बांधू, तो क्रिकेट खेळतो." मी म्हटलं, "अहो, मी ऑडिटवाल्यांच्यात काम करते, निदान मला तरी सांगू नका." हसण्यावारी गेलं, पण खरोखर करणारे लोक आहेत, फोन हलवून खोटी पावलं टाकणारी यंत्रं विकत मिळतात. विम्याच्या कागदावर खोटं जाता कामा नये, मग ते पाऊल का असेना. शेवटी आईंच्या घड्याळाचा पट्टा मोठा करून तो घोट्याला बांधला. आकडा लगेच वाढला. 10,000 त्यांना जन्मात होणार नाहीत, म्हणजे पॉइंट नाहीतच, पण आता निदान त्यांची खेप खेप धरली जाते. त्या आल्यागेल्याला पाय पुढे करून दाखवतात.

आणि त्यांना 10,000 लागतही नाहीत. 2019 मध्ये अमेरिकेतल्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, सोळा हजारांहून जास्त बायकांचा, सरासरी वय 72. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि 7,500 च्या आसपास हा फायदा सपाट होत गेला. म्हणजे ज्या वयाला थोड्या पावलांनीही फरक पडताना दिसतो, त्या वयाला पॉइंटच्या नियमात जागाच नाही. कंपनीने साठीनंतर 4,000 ची पायरी ठेवली तर कोणाचं काय बिघडेल?

तीच गत आखाड्याची. दांडियाबाजारात राहणाऱ्या मराठी माणसाला व्यायाम म्हटलं की आधी जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवतं, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा. माझे सासरे लहानपणी तिथे जायचे आणि म्हातारपणीही पोट आत घेऊन बसायचे. अशा ठिकाणी जोर मारा, बैठका काढा, मल्लखांबावर चढा. मल्लखांबावर घड्याळ घालूनच जाता येत नाही, मनगटही जायचं आणि घड्याळही. जोर मारताना मनगट मुडपतं, घड्याळाची मागची हिरवी लुकलुक, जी कातडीखालच्या रक्ताच्या प्रवाहावरून नाडी मोजते, तिला नाडी नीट सापडत नाही, मग कॅलरीचा आकडा घसरतो. आमच्या अ‍ॅपच्या जिमच्या यादीत आखाडा नाही. काचेची दारं, ट्रेडमिल आणि रिसेप्शनवर क्यूआर कोड असलेल्या जागा आहेत. शंभर सूर्यनमस्कार घालणाऱ्यापेक्षा एसीत तासभर फोनवर बोलत रमतगमत चालणारा आमच्या कंपनीच्या लेखी जास्त तंदुरुस्त.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचं तर विचारूच नका. सोसायट्यांमध्ये मगरी शिरल्या होत्या, लोक गच्चीवर अडकले होते, आणि अ‍ॅप रोज सकाळी उत्साहाने कळवत होतं, "आज बाहेर पडा!" घरातलं सामान वर चढवताना त्या दिवशी माझी कंबर मोडली, पण नेट नव्हतं, मग सिंक झालं नाही. कस्टमर केअरने नंतर शांतपणे सांगितलं की ठरलेल्या मुदतीत डेटा आला नाही तर दिवस धरता येत नाही. पुराचं कारण फॉर्ममध्ये नव्हतं. तिथे वाद घालणं मी सोडून दिलं.

या सगळ्या तक्रारी वाचून वाटेल की मी योजनेच्या विरोधात आहे. तसं नाही. तिच्यातली एक गोष्ट आमच्या घरात खरोखर कामाची ठरली, आणि ती पावलांची नाही, तपासणीची. पॉइंट सुरू व्हायला तपासणी सक्तीची. नवरा एरवी रक्त द्यायला कधी गेला नसता, सुईला घाबरतो हे लग्नानंतर लगेच कळलं होतं. पैसे मिळतात म्हटल्यावर उपाशीपोटी जाऊन आला. एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, 6.3 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणूनच पिवळा शेरा.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. सांगितलं, भात कमी करा, वजन उतरवा, आणि दोन्ही वेळा जेवण झालं की लगेच दहा-पंधरा मिनिटं चाला, कारण जेवल्यावर स्नायू कामाला लागले की रक्तातली चढणारी साखर ते वापरतात. तेव्हापासून रात्री आम्ही दोघं वाड्यातून निघतो, सूरसागर तलावाला एक फेरी मारतो आणि परत. महादेवाची मूर्ती रात्री दिव्यांत छान दिसते, रिक्षावाले हळू जात नाहीत, हवा उगीच ओलसर असते. एवढ्या चालण्याने दोनेक हजार पावलं होतात. दुपारी तो दुकानाच्या मागच्या गल्लीत फिरतो, तेव्हा आणखी थोडी. सहा महिन्यांनी आकडा 5.9 वर आला.

आणि या चालण्याचे पॉइंट? जवळजवळ शून्य. कारण तुकड्यातुकड्यांनी चाललेली पावलं दिवसाला सहा-सात हजारांवर थांबतात, 10,000 होत नाहीत. एका सलग व्यायामात 300 कॅलरीही होत नाहीत. त्याच्या साखरेला जे चालणं मानवलं, ते कंपनीच्या व्याख्येत चालणंच नाही. मी मात्र सकाळी कमाटीबागेत तासभर हिंडते, बँडस्टँड, फुलांचं घड्याळ, प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाकडून वळसा. लग्नाच्या आधीपासून हिंडते आहे, तेव्हा कोणी पैसे देत नव्हतं. मला हिरवा शेरा आणि पूर्ण 30 टक्के.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच कर्मचाऱ्यांवर हे तपासलं होतं. हजारो जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, एका गटाला बक्षिसांसह आरोग्य कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नाही. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले: खर्चात आणि सवयींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पण कार्यक्रमात आपणहून भाग घेणारे मुळातच चांगल्या सवयींचे आणि कमी खर्चाचे होते. वाचून मला एकदम आमचं जेवणाचं टेबल दिसलं. म्हणजे पॉइंटवाल्या पॉलिसीचा कंपनीला एक फायदा असा की आधीच चालणारी माणसं तिच्याकडे ओढली जातात. मी तशी गिऱ्हाईक. मला जे दिलं जातं ते माझ्यासारखीला टिकवून धरायचं भाडं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. व्हायटॅलिटीने काही देशांत अ‍ॅपलचं घड्याळ सुरुवातीला किरकोळ पैशांत द्यायचं, आणि पुढे घड्याळाचाच मासिक हप्ता तुम्ही किती हलता त्यावर ठरवायचा, अशी योजना चालवली. व्यायाम केला तर हप्ता माफ, नाही केला तर भरा. रँड युरोप या संशोधन संस्थेने 2018 मध्ये तिचा अभ्यास केला (व्हायटॅलिटीच्याच सांगण्यावरून, हे लक्षात ठेवा) आणि त्या लोकांची हालचाल सुमारे 34 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मिळणाऱ्या शंभरापेक्षा खिशातून जाणारे शंभर माणसाला जास्त टोचतात. आमच्या घरात याचा पुरावा सासूबाईंचा तो पहिला प्रश्न.

पण हे टोचणं कुठवर जाऊ द्यायचं? अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याला असंच एक पॉइंटचं अ‍ॅप जोडायचं ठरलं होतं, आणि पॉइंट न भरणाऱ्यांना महिन्याला 25 डॉलर जास्त पडणार होते. 2018 च्या सुरुवातीला तिथले शिक्षक संपावर गेले. मुख्य मागणी पगार आणि विम्याचा वाढता खर्च ही होती, पण हे अ‍ॅपसुद्धा रागाच्या यादीत वर होतं, आणि ते मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे आज सूट आहे, दंड नाही. ते तसंच राहील का, यावर माझी नजर आहे.

माहिती किती द्यायची, हाही प्रश्न असतो. अ‍ॅप पहिल्यांदा सुरू केलं की पावलं, नाडी, झोप, वजन, लोकेशन, सगळ्याची परवानगी एकदम मागतं आणि आपण घाईत होय होय करतो. अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये, म्हणजे आरोग्याची माहिती अ‍ॅपना वाटून देणाऱ्या सोयीत, जाऊन आरोग्याच्या माहितीची प्रत्येक परवानगी वेगवेगळी बंद करता येते. मी पावलं आणि व्यायाम एवढंच चालू ठेवलंय. माझी झोप किती वाजता लागते हे विमा कंपनीला कळून काय करायचंय? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क लिहिलेला आहे. घड्याळातली माहिती उद्या क्लेमच्या वेळी आपल्याविरुद्ध वापरतील का, असं ऑफिसात एकाने विचारलं. 2024 पासूनचा नियम असा की सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुनी माहिती लपवली एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही. त्याच्या आतल्यांनी प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात, सगळं खरं लिहिलंय का, ते एकदा बघून घ्यावं. घड्याळापेक्षा तो फॉर्म जास्त धोक्याचा.

आता मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर. पॉइंट हे सगळ्यात शेवटी बघा. आधी रूम रेंटची मर्यादा बघा, कारण तिथे खरे पैसे जातात. आमच्या पॉलिसीत रोजची खोली विम्याच्या रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000. नात्यातल्या एकांना अशाच पॉलिसीवर 8,000 च्या खोलीत ठेवलं. त्यांना वाटलं, वरचे तीन हजार रोज आपण भरू. तसं नसतं. खोली महाग घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात, मिळतात ते पाच भागिले आठ एवढेच. औषधं, इम्प्लांट, तपासण्या सुटतात, बाकीचं नाही. 1,60,000 चा असा खर्च होता, कंपनीने 1,00,000 मान्य केले, 60,000 घरून. आमच्या दोघांचे जास्तीत जास्त पॉइंट, दोघंही हिरवे असलो आणि एक महिना चुकला नाही तरी, वर्षाला 10,800. साडेपाच वर्षं रोज चाला आणि एका खोलीत घालवा.

त्यानंतर बघा को-पे (क्लेममधला आपण भरायचा हिस्सा), आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड (त्या आजारांचा क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ, आता तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही), आणि तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात कॅशलेस आहे का ते. मग पॉइंट. तेही वाचताना तीन गोष्टी शोधा: सूट मूळ हप्त्यावर की एकूण, पॉइंटची मुदत कधी संपते, आणि पॉलिसी सोडली तर शिल्लक पॉइंटचं काय होतं. आमच्याकडे सोडली की बुडाले. पोर्टिंग केलं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे हलवली, तर वेटिंग पिरियडची झालेली वर्षं सोबत येतात, पावलं येत नाहीत. माणूस त्या तीन-चार हजारांच्या शिलकीकडे बघत वाईट पॉलिसीत राहतो.

आम्ही राहणार नाही. रिन्यूअल मे महिन्यात आहे, पोर्टिंगचा अर्ज दीड-दोन महिने आधी टाकावा लागतो म्हणून मार्चएन्डच्या गडबडीतच करणार. दोन कंपन्या निवडून ठेवल्यात, दोन्हीत खोलीची मर्यादा नाही. एकीत पॉइंट आहेत, नवऱ्याचा ओढा तिकडे. त्याचा एचबीए1सी पुन्हा करायचाय, तो आधी करून घेऊ, कारण नव्या फॉर्ममध्ये आकडा लिहावा लागेल आणि नवी कंपनी तो बघून नाही म्हणू शकते, हप्ता वाढवू शकते. तोवर जुनी पॉलिसी चालू ठेवायची, होकार लेखी आल्याशिवाय सोडायची नाही. शिल्लक पॉइंटमधून आईंचं कॅल्शियम आणि गुडघ्याचे पट्टे मागवून टाकलेत, छापील किमतीला. तुमच्या पॉलिसीचं पीडीएफ पाठवलंत तर रूम रेंटचं पान शोधून देईन, फक्त एप्रिलमध्ये पाठवा, मार्चमध्ये मला श्वास घ्यायला वेळ नसतो.